आत्या ‘छान’ म्हणाल्या

आत्या आल्या त्या गप्प आल्या, आणि तिथेच आईने ओळखलं, आज काहीतरी बिघडलंय.

दरवर्षी असं नसायचं. सॉसच्या दिवशी आत्या फाटकापासूनच सुरू व्हायच्या. फाटकाला कुणी तेल घातलेलं नाही, पायरीवर शेवाळ साचलंय, या घरात केर काढायची पद्धत आहे की बंद झाली, असं बोलत बोलत त्या स्वयंपाकघरात शिरायच्या, तोवर इकडे आईने रागाने दोन भांडी आपटलेली असायची. आज मात्र त्यांनी चपला नीट जोडून ठेवल्या, ओट्यावरच्या टोमॅटोंच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वा वहिनी! काय सुंदर टोमॅटो आलेत गं!"

आईच्या हातातली सुरी थांबली. "वन्सं, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"छान वाटतंय की. सगळं कसं छान आहे."

थोरली सून कोपऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती एकदम उठली आणि काही कारण नसताना पाणी प्यायला गेली. आईने ते पाहिलं, पण पाहून उपयोग काय? तिचं सगळं लक्ष आत्यांच्या तोंडाकडे लागलं होतं. या तोंडातून आज काही वाकडं बाहेर पडलं नाही, तर आपलं काही खरं नाही, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

कारण असं की आईला चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. थंडीत तिला ताप आला होता, तो गेला, पण जाताना या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन गेला. आज येईल उद्या येईल म्हणून तिने वाट पाहिली. जिभेवर मीठ ठेवून पाहिलं, लिंबू चावून पाहिलं, लसणाची पाकळी नाकाशी धरून डोळे मिटून बसून पाहिलं. काही नाही! मीठ म्हणजे बारीक रेती आणि साखर म्हणजे जाड रेती, एवढाच काय तो फरक उरला होता. रोजच्या स्वयंपाकात निभावून जायचं. इतक्या वर्षांचा हात होता, मिठाची चिमूट बरोबर तेवढीच उचलायचा. कुणी जेवायला आलं तर आई घास घेणाऱ्याचा चेहरा वाचायची आणि वेळ मारून न्यायची.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण थोरला मुलगा. थोरला लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत साहेब होता. आयुष्यभर माणसांना वर पोचवायचं काम केलेलं, त्यामुळे आईलाही एकदा वर नेऊन ठेवलं की आपण सुटलो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वर म्हणजे त्याच्या आठव्या मजल्यावर. मागे एकदा आईने दूध गॅसवर ठेवलं आणि ते करपून पातेलं काळं होईस्तोवर तिला पत्ता लागला नाही. शेजारीण भिंतीवरून ओरडली तेव्हा कुठे कळलं. "मी गच्चीवर होते," असं आईने ठोकून दिलं. पण ती बातमी थोरल्यापर्यंत पोचली आणि त्याने धोशाच लावला. शेवटी तो म्हणाला होता, "आई, सॉसच्या दिवसापर्यंत थांबतो. तो दिवस तू नेहमीसारखा पार पाडलास तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण तुला झेपत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी माझ्या गाडीत बसायचं."

"बसेन की. त्यात काय!" आई तोऱ्यात म्हणाली होती, आणि नंतर गच्चीवर जाऊन झाडांमध्ये बराच वेळ बसून राहिली होती.

ती गच्ची म्हणजे तिचा जीव. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, कुणीतरी टाकून दिलेलं धुण्याच्या यंत्राचं पिंप, एक तडा गेलेला टब, मिळेल त्यात माती भरून तिने टोमॅटो लावले होते. जुन्या चादरी फाडून त्यांच्या पट्ट्यांनी एकेक फांदी काठीला बांधलेली. सकाळी उठायचं, बगलेतले फुटवे खुडायचे, पानांखाली अळी बघायची, आणि झाडांना यथेच्छ शिव्या द्यायच्या, हा तिचा दिनक्रम. थोरल्याच्या बाल्कनीत एक कुंडी मावत होती. तीही वाऱ्याने पडायची.

आता रोजच्या आमटीभाजीचं एक वेळ ठीक, पण सॉसचं तसं नसतं. टोमॅटो दरवर्षी निराळा. एका वर्षी उन्हाने गोड, एका वर्षी पाण्याने बुळबुळीत, एका वर्षी असा आंबट की डोळा मिटावा. मोजून मापून तिथे काही चालत नाही, जीभच लागते. आणि या घराचा नियम असा की आई चमचा तोंडात घालून "उतरवा" म्हणेपर्यंत पातेल्याला कुणी हात लावायचा नाही.

मग आईने काय केलं? ती विचार करकरून एका गोष्टीवर येऊन पोचली. तिच्याकडे जीभ नव्हती, पण नणंद होती.

हा सॉस मूळचा आत्यांच्या आईचा. वहिनीने तो हाती घेतल्या दिवसापासून आत्यांनी त्याला नावं ठेवली होती, आणि आईला ती नावं तोंडपाठ होती. "हे काय, औषध आहे का पोरांचं?" म्हणजे साखर जास्त. "दात आंबवलेस बाई माझे!" म्हणजे साखर कमी. "आजारी माणसाला देणार आहेस वाटतं," म्हणजे मीठ घाल. आणि सॉस अगदी, अगदी जमून आला की आत्या सॉसबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत, त्या चमच्याला नावं ठेवायच्या. "किती जुना चमचा हा, टाकून का देत नाहीस?" हे वाक्य आलं की समजायचं, झालं, उतरवा. इतकी वर्षं ज्या तोंडाचा आईला वैताग होता, त्याच तोंडावर तिने यंदा सगळी भिस्त ठेवली होती. स्वतः फोन करून म्हणाली होती, "वन्सं, नक्की या हं. तुमच्याशिवाय मजा नाही." आत्यांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं म्हणे.

आणि आज बाई ‘छान’ म्हणत होत्या.

* * *

धाकटा मुलगा गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायची सवय, त्यामुळे घरातही तो कुणाला फारसा विरोध करत नसे. त्याने गच्चीवरून टोमॅटोंच्या पाट्या खाली आणल्या, बाटल्या उकळत्या पाण्यात घातल्या, आणि थोरला पाठीमागे हात बांधून देखरेख करू लागला.

"आई, तू बस ना जरा. सकाळपासून उभी आहेस."

"बसून सॉस होतो का?"

"थकलीस तर सांग."

"तू नको थकूस रे बाबा, एवढी देखरेख करून," आई म्हणाली. धाकट्याने हसू बाटलीत लपवलं.

टोमॅटोंना खालून सुरीने फुली मारून उकळत्या पाण्यात बुडवायचे, काढून गार पाण्यात टाकायचे, म्हणजे साल कागदासारखी सुटते. ते काम आत्यांचं. दरवर्षी त्या साली काढता काढता आईच्या माहेरपर्यंत जाऊन यायच्या. आज त्या खाली मान घालून सोलत होत्या आणि मधूनच कौतुकाचं काहीतरी बोलत होत्या. पाणी छान गरम आहे. सुरीला छान धार आहे.

सगळं पातेल्यात एका वेळी मावत नसे. अर्धे टोमॅटो पाट्यांमध्ये तसेच ठेवून पहिला घाणा चढवला. गर गाळून आटायला लागला, लसूण पडला, मिरी आणि दालचिनीची पुरचुंडी बुडाली, व्हिनेगर गेलं. थोरली म्हणाली, "आहाहा, काय वास सुटलाय!" त्यावर आईनेही नाक वर करून जोरात श्वास घेतला आणि "हो ना!" म्हणाली. वाफ नाकात गेली, बाकी काही गेलं नाही.

मग तिने अंदाजाने मीठ आणि साखर घातली, ढवळलं, आणि पहिला चमचा सहज म्हणून आत्यांपुढे धरला. "घ्या वन्सं. तुमचा मान."

आत्यांनी चमचा तोंडात घातला. त्यांच्या भुवया वर गेल्या. ओठ उघडले. आई जिवाचा कान करून उभी राहिली. आत्यांची नजर थोरल्याकडे गेली आणि परत आली.

"छान झालाय."

"छान?"

"छान."

झालं! आत्यांनी या घरात एकदाच सॉसला छान म्हटलं होतं, ज्या वर्षी तो बुडाला लागून सगळा ओतून द्यावा लागला होता, आणि तेसुद्धा आई रडायला लागली म्हणून. म्हणजे हे काहीतरी भयंकर आहे. इतकं भयंकर, की या बाईलासुद्धा दया आली! बरं, भयंकर म्हणजे काय? आंबट असणार. यंदा ऊन कमी होतं. आईने कुणाचं लक्ष नाहीसं पाहून साखरेच्या बरणीत हात घातला आणि चांगली पसाभर साखर आत सोडली.

पुन्हा चमचा. आत्यांनी गिळलं, पण गिळायला त्यांना वेळ लागला.

"फारच छान झालाय गं."

अगं आई गं! आता फारच! आईने थोरलीला चमचा दिला. थोरली भूगोल शिकवायची आणि वर्गात कुणालाही नापास करायची नाही. ती म्हणाली, "मस्त, आई." तिचा काही उपयोग नव्हता, ती कोमट पाण्यालाही मस्त म्हणाली असती. धाकट्याला दिला. धाकटा म्हणाला, "एक नंबर," आणि भांडंभर पाणी घटाघटा प्यायला.

पाणी प्यायला! म्हणजे खारट? की गोड? गोड खाल्लं तरी माणूस पाणी पितोच. आईने डोकं चालवलं आणि दोन्हीकडून बंदोबस्त करावा म्हणून मूठभर मीठ घातलं, वर लिंबं पिळली. ती स्वतःशीच म्हणाली, देवा, आज एकदा तरी या बाईला घालूनपाडून बोलायची बुद्धी दे.

तिसरा चमचा आत्यांनी नुसता ओठांना लावला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"उत्कृष्ट," आत्या म्हणाल्या.

उत्कृष्ट हा शब्द आत्यांना येतो, हेच आईला माहीत नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला, आत्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी नेलं.

"वन्सं, काय झालंय?"

"कुठे काय झालंय?"

"मला खरं सांगा. सॉस कसा आहे?"

"सांगितलं ना. छान."

"तुम्ही मला शिव्या का देत नाही?" आईचा आवाज चढला. "माझ्या हातून काही पाप घडलंय का? लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही मला बोलता आहात. माझे केस पिकले, तरी थांबला नाहीत. आणि आज, नेमक्या आजच्या दिवशी, तुम्हाला माझं सगळं गोड लागायला लागलं?"

"गोड तर..." आत्या बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

"काय? गोड तर काय? बोला!"

"मी काही बोलणार नाही."

"गोड आहे का?"

"मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते नाही सांगायचं, असाही शब्द दिलाय."

"वन्सं, तुमच्या भावाची शपथ आहे!"

"त्याला कशाला मध्ये आणतेस? तो बिचारा सुटला यातून!"

असं त्यांचं बराच वेळ चाललं. आई पुढे सरकत होती, आत्या मागे मागे जात दोरीवरच्या ओल्या पायपुसण्यांत शिरत होत्या, आणि सॉस ढवळायला गॅसपाशी कुणीही नव्हतं. थोरली बाटल्या पुसायला बाहेरच्या खोलीत होती, धाकटा वरून झाकणं आणायला गेला होता, आणि थोरला फोनवर कुणालातरी सांगत होता की लिफ्ट मध्येच अडकली तर घाबरायचं नाही.

आई आत परतली ती हात हलवत. आत्यांकडून काही निघालं नव्हतं. आता जे होईल ते होईल, असं म्हणून तिने खांदे ताठ केले, पातेल्यासमोर उभी राहिली, डाव हातात घेतला, चमचाभर सॉस काढून रीतसर तोंडात घातला, डोळे मिटले, मान डोलावली आणि दरवर्षीच्या ठसक्यात आवाज दिला, "चला रे! उतरवा!"

कुणी आलं नाही. मग एकदम सगळेच आले. धाकटा जिन्यावरून खोकत आला. थोरली नाकाला ओढणी लावून आली. थोरला फोन चालू ठेवूनच आला आणि दारात थबकला. मागून आत्या आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. स्वयंपाकघरात निळसर धूर साचला होता, शेजारीण भिंतीपलीकडून "काय जळतंय हो?" म्हणून विचारत होती, आणि त्या धुराला वाफ समजून आई डाव उंच धरून हसऱ्या चेहऱ्याने उभी होती.

"उतरवा म्हटलं ना," ती म्हणाली. "यंदा फार जमलाय."

* * *

गॅस बंद करण्याचं काम धाकट्याने केलं. खिडक्याही त्यानेच उघडल्या. बाकी कुणी जागचं हललं नाही.

"आई," थोरला म्हणाला, "तुला वास येत नाही?"

"कसला?" आई म्हणाली. मग सगळ्यांची तोंडं पाहून तिने घाईघाईने पातेल्यावर वाकून नाक ओढलं. "हां, हां. किंचित लागलाय बुडाला. थोडासा."

"थोडासा? तळाला कोळसा झालाय!"

आईने डाव पातेल्यात सोडला. तिने एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर आता वाचण्यासारखं वेगळं काही नव्हतं, सगळ्यांना सगळं कळलं होतं.

"नाही येत," ती म्हणाली. "वासही नाही येत आणि चवही नाही लागत. तो ताप आला होता ना, तेव्हापासून. झालं समाधान?"

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला उचलून घेऊन गेला असतास!"

थोरल्याने फोन खिशात ठेवला. तो चिडला नाही, हीच त्याची वाईट खोड होती. तो शांतपणे जवळ आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मग आता ठरलं. बॅग मी भरतो. खोली तयारच आहे, तुझ्या आवडीचा रंग दिलाय. वाद घालू नकोस आई, आपलं तसं बोलणं झालं होतं."

बोलणं झालं होतं हे खरंच होतं. आईला रडायला येईल असं वाटलं होतं, पण तिला आला तो संताप, आणि तोही नेमका कुणावर काढावा ते समजेना. तेवढ्यात मागून असा आवाज आला की शिट्टी अडकलेला कुकर सुटावा.

"बस्स झालं!" आत्या ओरडल्या. रुमाल त्यांनी भिरकावून दिला होता. "बस्स! शब्द गेला खड्ड्यात! वहिनी, अगं अक्कल आहे की नाही तुला? पहिला चमचा दिलास तेव्हा त्याला एक चिमूट मीठ हवं होतं. एक चिमूट! तर तू घातलीस साखर? पसाभर? त्याचं पोरांचं औषध केलंस! मग मीठ घातलंस ते काय मोजलंस तरी? आणि वर लिंबं! माझे दात आंबले, घसा खरवडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी म्हणतेय उत्कृष्ट! उत्कृष्ट! आयुष्यात कधी एवढं खोटं बोलले नाही मी!"

आईच्या अंगात जीव आला. खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "मग आधीच का नाही बोललात?" ती कडाडली.

"याला विचार!" आत्यांनी बोट रोखलं. "तुझ्या या लाडक्याला. याने मला फोन करून दटावलं. आईला ताण नको, नावं ठेवायची नाहीत, जे देईल त्याला छान म्हणायचं, एक शब्द वाकडा बोललात तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही म्हणाला!"

"मी चांगल्यासाठीच सांगितलं," थोरला म्हणाला. "तापाच्या वेळी डॉक्टरच म्हणाले होते, की तिला—"

"म्हणजे माझा सॉस तू जाळलास!" आई म्हणाली.

"मी?"

"तूच! वन्सं पहिल्यांदा बोलल्या असत्या तर चिमूटभर मिठात काम झालं असतं!"

"मी यांना सांगितलं होतं," थोरली एकदम म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात राहिलेलं बाहेर पडलं. "म्हटलं, आत्यांना गप्प करू नका. आत्या गप्प बसल्या तर आई घाबरतील. पण माझं घरात ऐकतं कोण?"

"तू माझ्या बाजूची ना?" थोरला तिच्याकडे बघतच राहिला.

"सकाळी होते."

"आणि तू रे?" आई धाकट्याकडे वळली. "एक नंबर काय, एक नंबर?"

धाकटा पायाकडे बघत म्हणाला, "मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"मला वाईट वाटू नये म्हणून सगळे खोटं बोला, आणि तुम्हाला काळजी नको म्हणून मी खोटं बोलते. चांगले आहोत की आपण सगळे!"

यावर धाकट्याला हसू आलं, मग थोरलीला आलं, आणि वारं फिरलंय असं वाटत असतानाच थोरला हळू आवाजात म्हणाला, "आई, सॉसचं सोड. रात्री गॅस चालू राहिला तर? तुला कळणार आहे?"

आईने गॅसच्या बटणाकडे पाहिलं. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. तो त्या वेळी साहेबासारखा दिसतही नव्हता. शाळेतून यायला उशीर झाला की दारात उभा राहून भेदरलेला दिसायचा, तसा दिसत होता.

"मला कळेल," आत्या म्हणाल्या.

"तुम्हाला कळून काय उपयोग? तुम्ही असता तिकडे, तुमच्या लेकीकडे."

"मग मी इथे येते."

"कशाला?"

"राहायला. माझं नाक शाबूत आहे, जीभही शाबूत आहे. तुझ्या आईला आणखी काय पाहिजे?"

"आत्या," थोरला जपून म्हणाला, "तुम्हा दोघींचं एक दिवस पटत नाही."

"पटायला कशाला पाहिजे? आम्हाला काय संसार करायचाय?" आत्या स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "लेक माझी गुणाची आहे, जावई सोन्यासारखा आहे. दिवाणखान्यात माझी घडीची खाट आहे, सकाळी ती उचलायची, पाहुणे आले तर आत जाऊन बसायचं. भाजी कशी झालीये आई? छान. हा पडदा कसा दिसतो? छान. सकाळपासून रात्रीपर्यंत मी छान छान म्हणते रे. वर्षातून एक दिवस या घरी येऊन मनासारखं तोंड उघडायचे, तोही तू बंद केलास." आणि मग, कुणाचीही अपेक्षा नसताना, आत्यांना खरंच रडू आलं.

आईने तो भिरकावलेला रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला. दरवर्षी संध्याकाळी फाटक लावून या बाईची पाठ वळली की ती सुटकेचा श्वास टाकायची. बाईचं बोलणं टोचायचं, दुखायचं, दोन दोन दिवस डोक्यातून जायचं नाही. पण आज अर्धा दिवस ते नव्हतं, तर तिला आपल्याच स्वयंपाकघरात चाचपडल्यासारखं झालं होतं. हे तोंडाने कबूल करणं मात्र सोपं नव्हतं.

"रोज बोलणार तुम्ही?" तिने विचारलं.

"रोज."

"सकाळपासून?"

"डोळा उघडल्यापासून."

"झाडांना नावं ठेवायची नाहीत."

"वाकडी वाढली तर ठेवणार."

आईने थोडा विचार केला. "तुमची कायम राहायची तयारी आहे का वन्सं? चार दिवसांनी रुसून निघून जायचं असेल तर आत्ताच सांगा. माझ्या घराचा प्रश्न आहे."

"मी रुसले तरी जाणार नाही," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "इथेच बसून रुसेन."

* * *

उरलेल्या टोमॅटोंचा दुसरा घाणा दुपारी चढला. आई ढवळत होती, आत्या चाखत होत्या, आणि दोघींची तोंडं एवढी चालू होती की थोरल्याला फोनवर बोलायला फाटकाबाहेर जावं लागलं. यंदा निम्म्याच बाटल्या भरल्या. चांगल्या भरल्या.

उन्हं उतरल्यावर थोरली गाडीत जाऊन बसली. थोरला दारात बूट घालत होता. आई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, पण त्याची वाकलेली पाठ पाहून तिचा जीव गलबलला.

"रागावलास?"

"नाही."

"खोलीला रंग दिलास ना?"

"हो." तो बुटाची नाडी बांधत राहिला. "मला वाटलं होतं, तू आलीस की घरात जरा आवाज होईल. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. संध्याकाळी आलो की ती वह्या तपासते, मी टीव्ही लावतो. आठव्या मजल्यावर बाहेरचंसुद्धा काही ऐकू येत नाही गं."

आईला हे सुचलंच नव्हतं. तिला वाटत होतं, पोराला आपल्या जिवाची काळजी आहे. त्याला आपण हवे होतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते.

"अरे, मग सरळ तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "लिफ्ट काय खाली येत नाही का?"

तो काही बोलणार, इतक्यात आतून काहीतरी जड फरफटत नेल्याचा आवाज आला.

"वन्सं!" आई तिथूनच ओरडली. "पलंगाला हात लावू नका!"

"खिडकीखाली घेतेय. मला वारा लागतो."

"खिडकीखाली मी झोपते!"

"इतकी वर्षं झोपलीस ना? आता सरक."

आई तरातरा आत गेली. थोरला दारात बसून ऐकत राहिला. पलंगावरून गोष्ट उशीवर गेली, उशीवरून कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीवर गेली, आणि तिथून एकीच्या सासूपर्यंत, म्हणजे दुसरीच्या आईपर्यंत, जाऊन पोचली. आवाज चढत चालला होता. गाडीतून थोरलीने हॉर्न वाजवला. त्याने तिला हाताने थांबायला सांगितलं, बूट पुन्हा काढले आणि आत जाऊन दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "भांडू नका. मी ठरवतो कुणी कुठे झोपायचं ते."

आई आणि आत्या एकाच वेळी त्याच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"तू एक टोक धर," आई म्हणाली.

"आणि उचल," आत्या म्हणाल्या.

थोरल्याने बाह्या वर केल्या आणि पलंग उचलला.